बाबासाहेबांच्या मनातले विद्यापीठ

१४ जानेवारी जवळ आली की माकणीच्या वस्तीत गाडीची जमवाजमव सुरू होते. कोणी वर्गणी गोळा करतो, कोणी निळे झेंडे शिवून घेतो, म्हाताऱ्या बाया भाकरी-चटणी फडक्यात बांधून घेतात. माकणी हे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्याचे तेरणाकाठचे गाव. निम्न तेरणा धरणामुळे लोकांना ठाऊक असलेले. येथून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या बोलण्यातले औरंगाबाद, अडीचशे किलोमीटरांहून लांब पडते. तरी रात्रभर थंडीत कुडकुडत माणसे जातात आणि सकाळी विद्यापीठ गेटसमोर हात जोडून उभी राहतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात शाळेची पायरीही चढलेली नसते. ज्या विद्यापीठात आपण शिकलो नाही, त्याच्या दारात डोके टेकवायला अडीचशे किलोमीटर जाणारा समाज जगाच्या पाठीवर दुसरा कोठे असेल, असे आम्हाला वाटत नाही.

हा आमच्या अभिमानाचा विषय आहे. पण वाचकहो, अभिमानाबरोबर एक प्रश्नही आम्हाला कित्येक वर्षे छळतो आहे. ज्यांचे नाव त्या गेटवर आहे, त्या बाबासाहेबांच्या मनात विद्यापीठ कसे होते? घटनेचे शिल्पकार, महाडचे सत्याग्रही, नागपूरच्या धम्मदीक्षेचे प्रवर्तक हे बाबासाहेब आपल्याला पाठ आहेत. विद्यापीठाचा विद्यार्थी, प्राध्यापक, टीकाकार आणि शेवटी महाविद्यालयांचा बांधकाम करणारा माणूस म्हणून मात्र त्यांचे चरित्र आपण फार कमी सांगतो. आज ते सांगावे, असे ठरवले आहे.

अपमान आणि पदवी हातात हात घालून

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसला. तहान लागली तर कोणीतरी वरून पाणी ओतील तेव्हा प्यायचे. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्याला फारसी घ्यावी लागली, कारण अस्पृश्याच्या पोराला देववाणी शिकवायला गुरुजी तयार नव्हते. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या मदतीने एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाचा पदवीधर झाला. १९१३ साली वडील गेले आणि त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

कोलंबियाने त्यांना काय दिले? अर्थशास्त्राचे सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू दिले, १९१५ साली एम.ए. दिली. पण आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच होती. वर्गात कोठेही बसता येते, एका टेबलावर जेवता येते, ग्रंथालयातले कोणतेही पुस्तक हातात घेता येते, हे त्यांनी पहिल्यांदा तेथे अनुभवले. विद्यापीठ म्हणजे माणसाला माणूस म्हणून वागवणारी जागा असू शकते, हे साताऱ्याच्या गोणपाटावर बसलेल्या मुलाला न्यूयॉर्कमध्ये कळले. जातीची उत्पत्ती आणि तिची यंत्रणा यांवरचा त्यांचा पहिला गाजलेला निबंध १९१६ साली त्याच विद्यापीठाच्या चर्चासत्रात वाचला गेला. गुलामीचा अभ्यास गुलामाने स्वतः मांडला, तो खुल्या वर्गात.

पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा राहिला आणि १९१७ साली परतावे लागले. त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती ती युद्धात बुडाली. कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर गेले तर एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी खाणावळीत जात लपवून राहिले, ती उघड झाल्यावर लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कचेरीत शिपाई फायली लांबूनच टाकत. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तेथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावणे रुचले नाही.

येथे क्षणभर थांबा. प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला पाण्याच्या भांड्यापाशी अडवले जाते! पदवीने जात जात नाही आणि कॉलेजच्या भिंतीआत येऊनही विषमता संपत नाही, हे बाबासाहेब ग्रंथांतून शिकले नाहीत, अंगावर झेलून शिकले. पगारातून शिल्लक टाकून, राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. आणि त्याच काळात बॅरिस्टरी पदरात पाडली.

म्हणजे या माणसाने उच्च शिक्षणाच्या वाटेवरचे सगळे काटे स्वतःच्या पायांनी मोजले होते. शिष्यवृत्ती मध्येच संपली तर काय होते, खोली मिळाली नाही तर काय होते, पोट रिकामे असताना वाचन कसे होते, शिकून आल्यावर मान मिळाला नाही तर मन कसे जळते, हे सर्व त्यांना ठाऊक होते. पुढे त्यांनी शिक्षणाचे जे काही उभे केले, ते या हिशेबातून उभे केले.

आधी वसतिगृह

परत आल्यावर त्यांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेच्या पहिल्या कामांपैकी एक कोणते होते? १९२५ सालच्या जानेवारीत सोलापुरात काढलेले वसतिगृह. आम्हा लोहारा-उमरग्याच्या माणसांना सोलापूर काही परके नाही. बाजार, दवाखाना, गिरणीतली मजुरी यांसाठी आमचे आजे-पणजे तिकडेच जात. फक्त तेव्हा मध्ये हद्द होती. सोलापूर इंग्रजांचे आणि आमचा मुलूख निजामाचा. त्या हद्दीपलीकडे बाबासाहेबांनी पहिले दार उघडले, ते वर्गाचे नव्हते. ते झोपण्याचे आणि जेवण्याचे होते. खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा नसेल तर शाळा कितीही चांगली असून उपयोग नाही, हे बडोद्यात रस्त्यावर आलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला इतके पक्के सुचले असते?

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक सभागृहात आले. त्याआधी विद्यापीठ सुधारणेच्या समितीपुढेही त्यांनी आपले म्हणणे मांडले होते. त्यांचा विचार आजही ताजा वाटतो. विद्यापीठाने केवळ परीक्षा घ्याव्यात आणि कागद वाटावेत, हे त्यांना मान्य नव्हते. शिकवणे आणि संशोधन हे विद्यापीठाचे मूळ काम, असे ते मानत. दुसरे म्हणजे, विद्यापीठाचा कारभार ज्या सिनेटच्या हाती असतो, तेथे मागासलेल्या वर्गांची माणसे बसली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. उच्च शिक्षण ज्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही त्यांच्यापर्यंत ते नेणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे आणि जे वर्ग बाहेर ठेवले गेले त्यांना निर्णयाच्या टेबलावर जागा दिल्याशिवाय ते पार पडणार नाही, असा त्याचा अर्थ. महाडच्या तळ्याचे पाणी ज्या वर्षी पेटले, त्याच वर्षी हा माणूस विद्यापीठाच्या सिनेटचा प्रश्नही लढत होता. पाण्याचा हक्क आणि ज्ञानाचा हक्क त्यांच्या लेखी एकच होता.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्या खुर्चीवरून त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन सरकारला दिले आणि उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी केली. त्यातूनच १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज गावोगावची पोरे ज्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तिचे मूळ येथे आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागलेल्या एका विद्यार्थ्याने सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर पुढच्या पिढ्यांसाठी केलेली ती तरतूद आहे.

निजामाच्या मुलखात

आता आमच्या मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. ते दूर हैदराबादेत, आणि माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या खेड्यातल्या गरिबाला ते चंद्राइतकेच जवळ! त्यातही महार-मांगाच्या पोराचे नाव काय घ्यायचे? वतनाच्या चाकरीत, सावकाराच्या दारात आणि रझाकारांच्या धाकात आमच्या पिढ्या खपल्या.

त्या काळोखात बाबासाहेब आमच्या जिल्ह्यात येऊन गेले, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. वतनाची गुलामी सोडा, हा तिचा गाभा. महार आणि मांग एका मांडवाखाली बसले, हेही त्या काळी लहान नव्हते. तडवळ्याची ती आठवण धाराशिव जिल्ह्याने जीव लावून जपली आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या कारभारात बाबासाहेबांचा स्वतःचा हिशेब दिसतो. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा कचेरीत राबणारा कारकूनही पदवीधर होऊ शकेल. दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले होते. ग्रंथालयावर खुद्द बाबासाहेबांची नजर. विद्यार्थ्यांची स्वतःची पार्लमेंट भरे. उद्याचे राज्य ज्यांना चालवायचे आहे त्यांनी कॉलेजातच वादविवाद, प्रस्ताव, मतदान शिकावे, ही त्यामागची दृष्टी.

मुंबईनंतर दुसरे मोठे केंद्र त्यांनी कोठे काढावे? पुणे होते, नागपूर होते. तेथे मदतीला माणसे आणि पैसा दोन्ही मिळाले असते. त्यांनी निवडले ते औरंगाबाद. निजामाच्या जोखडातून नुकताच सुटलेला, उच्च शिक्षणात सर्वांत मागे पडलेला मराठवाडा. जून १९५० मध्ये तेथे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हेच आपले मिलिंद महाविद्यालय. परिसराचे नाव नागसेनवन. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतो, ही पाली ग्रंथातली जोडी. राजानेही ज्ञानापुढे विद्यार्थी व्हावे आणि विद्यार्थ्याने मात्र राजालाही न भिता प्रश्न विचारावा, एवढा अर्थ त्या दोन नावांत भरलेला आहे.

त्या उजाड माळावर बाबासाहेब स्वतः येऊन राहत. बांधकाम पाहत, झाडे लावण्याकडे लक्ष देत. प्राचार्य म्हणून त्यांनी म. भि. चिटणीस यांना नेमले. ते जन्माने सवर्ण, पण चळवळीत मुरलेले. माणूस निवडताना जात नाही, निष्ठा आणि विद्वत्ता पाहायची, हा बाबासाहेबांचा नियम. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली पोरे पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन नागसेनवनात उतरली. पहिल्यांदा वेळेवर जेवली, पहिल्यांदा विजेच्या दिव्याखाली वाचू लागली. पुढे म. ना. वानखेडे यांच्यासारखे प्राचार्य, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक तेथे लाभले. अस्मितादर्श तेथूनच उभे राहिले आणि दलित साहित्याला घर मिळाले. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर वर्ज्य होते, त्यांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला. विद्यापीठाचे काम याहून वेगळे काय असते?

१९५२ साली कोलंबियाने बाबासाहेबांना मानाची डॉक्टरेट दिली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५३ मध्ये, उस्मानिया विद्यापीठानेही दिली. ज्या राज्यात आमची माणसे वेठबिगारीत राबत होती, त्याच राज्याच्या विद्यापीठाने त्यांच्या नेत्यापुढे मान तुकवली! ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मराठवाड्यात विद्यापीठ झालेले त्यांनी पाहिले नाही.

नावासाठी सोळा वर्षे

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. जागा कोणती? नागसेनवनाच्या शेजारची, बौद्ध लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याची. ज्याने या माळावर आधी ज्ञानाचे झाड लावले, त्याचे नाव विद्यापीठाला द्यावे, ही मागणी न्यायाची होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, पिके उद्ध्वस्त झाली, विहिरींत घाण टाकली गेली, माणसे गाव सोडून पळाली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना हालहाल करून मारले. विद्यापीठाचे नाव बदलण्याचा राग शेतमजुराच्या झोपडीवर का निघाला? कारण जाळणाऱ्यांना नेमके कळले होते, की हा प्रश्न पाटीचा नाही. ज्ञानाच्या दारावर नाव कोणाचे, म्हणजे मालकी कोणाची, हा प्रश्न होता.

लाँग मार्च निघाले, लाठ्या झाल्या, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. त्याच्या आधीच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाने आमचा पट्टा जमीनदोस्त झाला होता. सुमारे दहा हजार माणसे गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार जाहीर झाला, तेव्हा आमच्याकडची कितीतरी कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. घरे पडलेली, माणसे गेलेली, तरी त्या शेडांत त्या रात्री दिवे लागले. मागितले होते नामांतर, मिळाला नामविस्तार. तरीही समाजाने तो आपल्या शहिदांच्या रक्ताने मिळालेला म्हणून कपाळी लावला.

त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. लातूर जिल्हा तिकडे गेला. धाराशिव जिल्हा बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाकडेच राहिला. किल्लारीचे पोर एका विद्यापीठाचे आणि जवळच्याच माकणीचे पोर दुसऱ्या. २००४ साली धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्रही सुरू झाले. म्हणजे बाबासाहेबांचे नाव असलेल्या विद्यापीठाचे दार माकणीच्या पोरासाठी आता जिल्ह्याच्या गावीच आहे.

गेटच्या आत

दार आहे, पण आत कोण जातो? आमच्या ओळखीतला एक मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला. बाहेरगावच्या एका कॉलेजात नाव घातले. वसतिगृहात जागा मिळाली नाही. खोलीचे भाडे आणि खाणावळ यांत बापाची मजुरी संपली. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही. पहिले वर्ष संपायच्या आत तो परत आला आणि दुसऱ्याच्या सोयाबीनच्या रानात कामाला लागला. त्याच वर्षी आमच्याच लोकांनी जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जो खर्च केला, त्यात त्याचे वर्षभराचे भाडे निघाले असते. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, कारण त्या वर्गणीच्या यादीत आमचेही नाव होते. त्याच्या मदतीची यादी मात्र कोणी काढलीच नाही. आम्हीही नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रातून विद्यापीठ मोजण्याचे माप मिळते. खेड्यातल्या पोराला राहायला जागा आहे काय? शिष्यवृत्ती वेळेवर मिळते काय? राबणाऱ्याला शिकता येईल अशी वेळ आहे काय? ग्रंथालय उघडे आणि शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत काय? कारभाराच्या टेबलावर आपला माणूस आहे काय, आणि असला तर तो तोंड उघडतो काय? राज्यभर प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, तासिकेच्या मानधनावर शिक्षक राबवले जातात आणि खासगी संस्थांची फी आभाळाला भिडते. सरकारी विद्यापीठ खिळखिळे झाले की सर्वांत आधी बाहेर पडतो तो आपला मुलगा, आणि त्याच्याही आधी आपली मुलगी. पूर्वी दाराशी जात उभी होती. आज जातीच्या बरोबर पैसाही उभा आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. १४ जानेवारीला गेटवर जरूर जावे. ती वाट शहिदांची आहे, ती मोडता कामा नये. पण गाडी निघण्याआधी प्रत्येक वस्तीने एक वही करावी. यंदा बारावी कोण झाले, कोणाचा प्रवेश झाला, कोणाला वसतिगृह मिळाले नाही, कोणाची शिष्यवृत्ती अडली, कोण मध्येच परत आले, हे त्यात लिहावे. मिरवणुकीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा आधी या वहीसाठी काढावा. शिकलेल्या नोकरदारांनी अर्ज भरायला सुटीच्या दिवशी विहारात बसावे. आणि ही वही घेऊनच गेटवर जावे, हार घालून झाल्यावर आत जावे आणि प्रशासनापुढे ती उघडून हिशेब मागावा. मिलिंद राजाने नागसेनाला प्रश्न विचारले होते. नागसेनवनाच्या शेजारी जाऊन आपण प्रश्न विचारायचे नाहीत, तर कोणी विचारायचे?

यंदाच्या गाडीत माकणीची वही असेल. तिच्या पहिल्या पानावर त्या सोयाबीनच्या रानातल्या मुलाचे नाव आम्ही लिहिले आहे. पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा वर्गात बसला, तर त्या नावापुढे खूण करू. तोवर गेटवर वाहिलेला आमचा हार अपुराच आहे, असे आम्ही समजतो.

जयभीम!